विहीर, हातपंप, स्विमिंग टँकभोवतीचा ओटा का फुटतो? काळ्या जमिनीत काँक्रीट टिकवायचे तर या गोष्टी पाहा

जानेफळ (ता. मेहकर) : विहिरीभोवतीचा ओटा, हातपंपाचा चौथरा, जनावरांच्या हौदासमोरची फरशी आणि अलीकडे फार्महाऊस किंवा हॉटेलच्या स्विमिंग टँकभोवती टाकला जाणारा कोबा, ही सगळी कामे दिसायला किरकोळ. चार इंच काँक्रीट, दोन दिवसांचे काम. पण दोन-तीन पावसाळ्यांत त्याला तडे जातात, एक कोपरा उचलला जातो, मधे पाणी साचते आणि शेवाळावरून माणसे घसरतात. मग ‘सिमेंट कमी टाकलं’ असा आरोप होतो.

कधी कधी तो खराही असतो. मात्र बहुतेक ओटे तीन कारणांनी जातात : खालची काळी माती, कालवताना घातलेले जादा पाणी आणि टाकल्यानंतर न मारलेले पाणी. या तिन्ही गोष्टी ओटा पूर्ण झाल्यावर दिसत नाहीत. त्यामुळे काम चालू असतानाच त्या पाहाव्या लागतात.

प्रश्न फक्त पैशाचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचा किंवा हातपंपाचा ओटा फुटला, की कपडे धुतलेले, जनावरांनी तुडवलेले पाणी त्याच तड्यातून परत खाली उतरते. हातपंपाच्या केसिंग पाइपाला लागून फट पडली असेल तर घाण पाण्याला थेट वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वच्छता तपासणीच्या प्रश्नावलीत म्हणूनच हे प्रश्न असतात : ओटा १ मीटरपेक्षा कमी रुंद आहे का? त्याला तडे आहेत का? सांडपाणी जवळच साचते का? नाली फुटली किंवा तुंबली आहे का?

ओट्याचे हे महत्त्व आपल्या भागाला नवे नाही. १९७०च्या दशकात शेजारच्या जालन्यात आणि पुढे सोलापुरात हातपंपाच्या ज्या सुधारणा झाल्या, त्यांतूनच देशभर गेलेला ‘इंडिया मार्क २’ पंप तयार झाला. या पंपाच्या उभारणीत काँक्रीटचा चौथरा, त्याची उंच कड आणि पाणी दूर नेणारी नाली हा पंपाचाच भाग मानला जातो. त्याहून जुने उदाहरण हवे असेल तर आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाची पुतळा बारव आणि लोणारची लिंबी बारव आहे. तिथले काम सुट्या घडीव दगडांचे आहे. सांध्यांमुळे असे काम थोडेफार हलू शकते. काँक्रीटची एकसंध फरशी तशी हलू शकत नाही, म्हणून तिला सांधे आपणच द्यावे लागतात.

काळी माती : पावसात फुगते, उन्हात आक्रसते

मेहकर तालुक्यासह जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर आहे. त्या खडकाची झीज होऊन काळी कसदार जमीन तयार झाली. सोयाबीन, तूर, कपाशीला ती चांगली, पण बांधकामाला त्रासाची. या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आक्रसतात. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने.

ओट्याखाली ही हालचाल सगळीकडे सारखी होत नाही. मधल्या भागावर काँक्रीटचे झाकण असल्याने ओल टिकते. कडेची माती मात्र पावसात भिजते आणि उन्हात वाळते. म्हणजे पावसाळ्यात कडा उचलल्या जातात आणि उन्हाळ्यात कडेखाली पोकळी होते. त्या पोकळीवर पाण्याचा ड्रम ठेवला किंवा बैल उभा राहिला, की कोपरा तुटतो. चार इंचाची फरशी मातीचा दाब रोखू शकत नाही, मग सिमेंट कितीही घाला.

आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर १९७०च्या दशकात महत्त्वाचे संशोधन केले. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर मधे दिला, तर खालच्या काळ्या मातीचा फुगवटा आवरता येतो, असे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या अस्तरीकरणात ही पद्धत वापरली जाते. तिथे हा थर बराच जाड असतो. छोट्या ओट्याला तेवढा खर्च परवडत नाही, पण तत्त्व तेच : काळी माती काढा, मुरूम भरा, आणि कडेने पाणी मुरू देऊ नका.

व्यवहारात हे असे करता येते :

- ओट्याच्या मापापेक्षा चारही बाजूंनी दीड-दोन फूट जास्त खोदावे. काळी माती किमान दीड ते दोन फूट काढावी. मुरूम किंवा खडक त्याआधीच लागला तर उत्तमच.
- चांगला, किंचित चिकट मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरावा. प्रत्येक थर ओला करून धुमसाने किंवा यंत्राने ठोकावा. दोन फूट मुरूम एकदम टाकून वरून पाणी सोडले, तर तो पुढच्या पावसाळ्यात हमखास बसतो.
- काढलेली काळी माती पुन्हा ओट्याच्या कडेला लावू नये.
- नुसती रेती भरून खड्डा बंद करू नये. रेतीत पाणी साठते आणि तेच खालच्या काळ्या मातीला पोचते.
- ओट्याला लागून मोठे झाड नको. मुळे ओल ओढून घेतात आणि एकाच बाजूची माती खचते.

विहिरीला किंवा टँकला ओटा चिकटवू नका

विहिरीचे बांधकाम खाली मुरमावर किंवा खडकावर टेकलेले असते. ओटा मात्र वरच्या भरावावर असतो. दोघांचे पाय वेगळ्या जमिनीवर असल्याने दोघे वेगवेगळे हलतात. ओटा कठड्याला घट्ट चिकटवला तर तडा नेमका तिथेच जातो, आणि पाणी आत उतरायला ती सर्वांत वाईट जागा. स्विमिंग टँकलाही हेच लागू आहे. टँकची भिंत जागेवर राहते, बाजूचा कोबा वर-खाली होतो, आणि जोर टँकच्या काठावरच्या टाइल्सवर येतो.

म्हणून कठडा आणि ओटा यांच्यात अर्धा इंच, म्हणजे सुमारे १२ मिलीमीटर फट ठेवावी. काँक्रीट टाकताना तिथे बिटुमेन बोर्ड किंवा थर्माकोलची पट्टी उभी लावतात. नंतर वरचा भाग साफ करून लवचीक सीलंट भरतात. हातपंपाच्या केसिंगभोवतीही असाच बंद सांधा हवा. गावातल्या विहिरीला डांबर चालून जाते. अनवाणी चालायच्या टँकभोवती मात्र पॉलियुरेथेन सीलंट बरे, कारण मे महिन्यात डांबर मऊ होऊन पायाला चिकटते. फट सिमेंटने बुजवली तर सांधा ठेवण्याचा उपयोगच राहत नाही.

ऊन किती बाधते?

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. उन्हातल्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि रात्री थंड होतो. १० मीटर लांबीच्या काँक्रीटमध्ये ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलीमीटर फरक पडतो. त्यात वाळताना होणारे आकुंचन वेगळे. सांधा दिला नाही तर काँक्रीट आपली जागा शोधून स्वतःच तडकते.

चार इंच जाडीच्या फरशीला आपल्या उन्हात सहा ते आठ फुटांवर सांधा असावा. चौकोन शक्यतो समान बाजूंचे ठेवावेत. लांबट पट्टे आडवे तडकतात. सांध्याची खोली जाडीच्या किमान चौथा हिस्सा, म्हणजे एक इंच असावी. मशिनने कापायचा तर काँक्रीट कापताना कडा तुटणार नाहीत इतके घट्ट झाले की त्याच दिवशी कापावा. दोन दिवसांनी मशिन आणले तर तोवर तडे आपापल्या वाटेने गेलेले असतात. मशिन नसेल तर एकाआड एक चौकोन भरणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

जाळी टाकली म्हणजे तडा जात नाही, असा समज आहे. जाळी तडा थांबवत नाही, तो रुंद होऊ देत नाही. त्यासाठी ती फरशीच्या वरच्या निम्म्या भागात असावी लागते, वर किमान सव्वा इंच काँक्रीट ठेवून. जमिनीवर जाळी पसरायची आणि काँक्रीट ओतताना हाताने ओढून वर घ्यायची, ही पद्धत निरुपयोगी. ती पुन्हा तळाशी जाऊन बसते. खाली काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत.

माल किती, पाणी किती?

१० बाय १० फुटांचा, चार इंच जाडीचा ओटा धरू. त्याला सुमारे ३३ घनफूट काँक्रीट लागते. एम-२० साठी १ भाग सिमेंट, दीड भाग रेती, ३ भाग गिट्टी असे प्रमाण धरले, तर सिमेंट साडेसात ते आठ गोण्या, रेती सुमारे १४ घनफूट आणि गिट्टी सुमारे २८ घनफूट लागते. चार गोण्यांत एवढा ओटा झाला असेल, तर तो एम-२० नाही हे हिशेबानेच कळते.

खरी गडबड पाण्यात होते. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार एम-२० च्या ठरावीक प्रमाणात ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालते. रेती ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच धरायचे. म्हणजे १० लिटरच्या तीन बादल्या. ‘जरा पातळ करा, पसरायला सोपं जातं’ म्हणून चौथी बादली पडली, की मजबुती सुमारे एक तृतीयांशाने खाली येते. जास्तीचे पाणी उडून गेल्यावर आत बारीक छिद्रे राहतात, वर पांढरी धूळ सुटते आणि आकुंचन वाढते. सिमेंट पूर्ण घालूनही ओटा कच्चा राहतो, त्याचे हे मोठे कारण.

पाणी पिण्यालायक असावे, हा सोपा नियम. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागातील खारपाणपट्ट्यात हे अधिक महत्त्वाचे. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. खारट बोअरचे पाणी वापरले तर सळई आतून गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात.

रेतीची परीक्षा बाटलीत होते. अर्धी बाटली रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून दोन-तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या शंभर भागांत आठ भागांपेक्षा जास्त दिसला तर रेती धुऊन घ्यावी. सिमेंटच्या गोणीवर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहावे. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट तपासल्याशिवाय घेऊ नये.

कधी टाकावे आणि कसे?

सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन सौम्य असते, पाणी उपलब्ध असते आणि काळी माती पूर्ण फुगलेली किंवा पूर्ण वाळलेली नसते. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून किंवा लग्नसराईपूर्वी काम उरकायचे म्हणून एप्रिल-मेमध्ये ओटे टाकले जातात. तेव्हा ऊन, वारा आणि पाणीटंचाई तिन्ही एकदम आडवे येतात. हवा ४० अंशांवर गेली की मानकांच्या भाषेत ते ‘उष्ण हवामानातील काँक्रीट’ ठरते. टाकताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांपेक्षा जास्त असू नये, असे त्यात सांगितले आहे.

उन्हाळ्यात करावेच लागले तर :

- काम भल्या पहाटे किंवा सूर्य कलल्यावर करावे. गिट्टीच्या ढिगावर आदल्या रात्री पाणी मारून सावली करावी. टाकीतले तापलेले पाणी वापरू नये.
- मुरमाचा थर आधी ओला करावा, पण वर पाणी साचलेले नको. कोरडा मुरूम काँक्रीटमधले पाणी ओढून घेतो.
- वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधावी. ताज्या काँक्रीटमधून तासाला एका चौरस मीटरमागे १ लिटरच्या आसपास पाणी उडू लागले, की पृष्ठभागावर तासाभरात बारीक भेगा पडू शकतात.
- घोटताना वर पाणी शिंपडू नये आणि कोरडे सिमेंट भुरभुरू नये. त्याने वरचा पापुद्रा वेगळा होतो.
- पृष्ठभाग गुळगुळीत करू नये. लाकडी गुरमाळ्याने सपाट करून, काँक्रीट थोडे आवळल्यावर झाडूने उताराच्या दिशेने रेघा माराव्यात. चकचकीत कोबा पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांचे हाड मोडतो.

उतार दर फुटाला पाव इंच, म्हणजे साधारण ५० फुटांना १ फूट, विहिरीपासून किंवा टँकपासून दूर जाणारा ठेवावा. लेव्हलच्या नळीने तो काँक्रीट टाकण्याआधीच पाहावा. बाहेरच्या कडेला छोटी कड आणि नाली हवी. नालीचे पाणी ओट्याच्या टोकाशीच सोडले तर ते परत काळ्या मातीत शिरते. काळ्या जमिनीत शोषखड्डा लवकर तुंबतो, म्हणून खड्डा मुरमापर्यंत नेलेला असावा किंवा पाणी परसबागेला द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या बाजूला असावा.

तराई : फुकटची मजबुती

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ओलसर राहून घट्ट होते. आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर कोरड्या आणि उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट सतत ओले ठेवायचे असते. गावात बहुधा मिळते ते राखमिश्रित पीपीसी सिमेंट. त्यासाठी १४ दिवसांची शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ पाइपाने पाणी मारले आणि दुपारभर ओटा पांढरा पडला, तर ती तराई झाली नाही.

१०० चौरस फुटांवर दोन इंच पाण्याचे आळे बांधले तर पहिल्यांदा सुमारे ४७० लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात रोज अंदाजे ९० लिटर उडून जाते. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात एवढे पाणी कोण देणार? तिथे ओला बारदाना पसरून वरून प्लास्टिक ताडपत्री अंथरावी आणि कडांवर दगड ठेवावेत. रोज दोन-चार बादल्यांत भागते.

देखभाल : वर्षातून चार नजरा

मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, नाली साफ करावी, सांध्यांतले निघालेले सीलंट किंवा डांबर पुन्हा भरावे, कडेला झालेली पोकळी मुरमाने ठोकून बंद करावी. पावसाळ्यात शेवाळ ताठ झाडूने काढावे. ब्लीचिंग पावडर वापरली तर ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नये. ऑक्टोबरमध्ये बादलीभर पाणी ओतून उतार पाहावा. पाणी उलटे विहिरीकडे येत असेल तर ओटा हलला आहे. जानेवारीत हातोडीने ठोकून पाहावे. ‘ठक’ असा भरीव आवाज चांगला. ‘ढप’ असा पोकळ आवाज आला तर खालची माती सुटली आहे.

तड्यांचा उपाय तड्याच्या प्रकारावर असतो. दोन्ही बाजू समान पातळीत असलेला बारीक तडा साफ करून सीलंटने बंद करता येतो. ऋतूप्रमाणे उघडझाप करणाऱ्या तड्यात सिमेंटचे पातळ द्रावण भरले तर तो पुढच्या उन्हाळ्यात परत उघडतो; त्याला लवचीक सीलंटच हवे. एक बाजू वर-खाली झाली असेल तर वरून दोन इंचांचा नवा थर टाकणे म्हणजे पैसे वाया. तेवढा चौकोन फोडून, खालची माती बदलून तो नव्याने भरावा. सांधे दिलेले असले तर एकच चौकोन फोडावा लागतो, हा त्यांचा आणखी एक फायदा.

स्विमिंग टँकसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. सफाईला अ‍ॅसिड वापरू नये, ते सिमेंट खाते. आणि ओट्याचा रंग फिका ठेवावा. गडद कोबा दुपारी अनवाणी पायांना चटके देतो.

ग्रामपंचायतीचे काम असेल तर

विहिरीचा किंवा हातपंपाचा ओटा सार्वजनिक निधीतून होत असेल तर अंदाजपत्रकात जाडी, काँक्रीटची प्रत, मुरमाचा भराव आणि तराई यांची नोंद पाहता येते. ग्रामसभेत विचारता येते. माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. मात्र ओटा झाल्यावर खालचा मुरूम कुणालाच दिसत नाही. म्हणून खोदाई, मुरूम आणि जाळीचे फोटो काँक्रीट पडण्याआधी काढून ठेवावेत.

काम चालू असताना पाहायच्या सात गोष्टी

१. काळी माती किती फूट काढली?
२. मुरूम थराथराने, ओला करून ठोकला का?
३. कठड्याला किंवा केसिंगला लागून सांध्याची पट्टी उभी केली का?
४. गोणीमागे तीन बादल्यांपेक्षा जास्त पाणी पडते का?
५. जाळी ठोकळ्यांवर आहे की जमिनीवर?
६. उतार पाण्यापासून दूर आहे का, नालीचे टोक कुठे जाते?
७. १४ दिवस पाणी कोण मारणार, हे आधीच ठरले आहे का?